रंगीत तालमीचे परीक्षण

आपत्तीच्या सरावाला आपली वर्तमानपत्रे ‘रंगीत तालीम’ म्हणतात. शब्द नाटकातला आहे आणि चांगला आहे. नाटक मंडळींच्या लेखी रंगीत तालीम म्हणजे कपडे, दिवे, पडदे, सामान यांसह पण प्रेक्षकांवाचून केलेला शेवटचा प्रयोग. तलवार म्यानातून निघत नाही, दुसऱ्या अंकापूर्वी लुगडे बदलायला वेळ पुरत नाही, विंगेतला दिवा नेमका नटाच्या डोळ्यांवर येतो, या गोष्टी प्रेक्षक येण्यापूर्वी कळाव्यात म्हणून ती करायची असते. जिच्यात काहीच चुकले नाही अशी तालीम पाहून जुना दिग्दर्शक अस्वस्थ होतो. शाळेतल्या नि गावातल्या आपत्ती-सरावात मात्र तालमीलाच प्रेक्षक बोलावलेले असतात. मांडव असतो, पाहुणे असतात, आभारप्रदर्शन असते आणि दुसऱ्या दिवशी ‘रंगीत तालीम यशस्वी’ अशी बातमी असते. चुका निघाल्याची बातमी आमच्या तरी वाचनात आलेली नाही.

नाटकाचे परीक्षण होते, पुस्तकाचे होते, मग या तालमीचे का होऊ नये? निदान शिक्षकांनी तरी ते करायलाच हवे. कारण अग्निशामक दल, पोलीस, तहसीलदार हे सर्व येईपर्यंतची पहिली दहापंधरा मिनिटे शाळेतल्या शिक्षकांच्याच हाती असतात आणि बहुतेक वेळा निकाल त्या मिनिटांतच लागलेला असतो.

नेहमीचा सराव कसा असतो ते सर्वांना ठाऊक आहे. आदल्या दिवशी सूचना फिरते. अकराच्या सुमारास घंटा वाजते. रांगा आधीच लावलेल्या असतात, पहिल्या रांगेत हुशार मुले असतात. सर्वजण मैदानात येतात. पत्र्याच्या डब्यात जाळ करून तो विझवून दाखवला जातो. मग भाषण, छायाचित्र आणि अहवाल. अहवालात एक आकडा हमखास असतो : ‘संपूर्ण शाळा अमुक मिनिटांत रिकामी करण्यात आली.’ परीक्षणाची सुरुवात आपण या आकड्यापासूनच करू. तो तपासायला कोणत्याही उपकरणाची गरज नाही.

समजा, शाळेच्या वरच्या दोन मजल्यांवर आठ वर्ग आहेत, प्रत्येक वर्गात साठ मुले आहेत आणि खाली यायला दीड मीटर रुंदीचा एकच जिना आहे. इमारती रिकाम्या होण्याचा अभ्यास करणाऱ्यांनी केलेल्या मोजमापांवरून एक ठोकताळा मिळतो. जिन्याच्या दर मीटर रुंदीमागे सेकंदाला साधारण एक माणूस उतरतो. म्हणजे आपल्या जिन्यावरून सेकंदाला दीड मूल. ४८० मुलांना ३२० सेकंद, म्हणजे पाच मिनिटे वीस सेकंद लागणार आणि हे केवळ जिन्याच्या तोंडातून सरकण्याचे झाले. घंटा ऐकून हातातली पेन्सिल खाली ठेवण्याचा, दाराशी जमण्याचा, शेवटच्या मुलाने जिन्यापर्यंत चालत येण्याचा वेळ वेगळा. साठ मुलांच्या वर्गाला मीटरभर रुंदीच्या दारातून बाहेर पडायलाच जवळजवळ एक मिनिट लागते. आता अशा शाळेच्या अहवालात ‘अडीच मिनिटे’ लिहिले असेल, तर तीन शक्यता उरतात : वरच्या मजल्यावरची सगळी मुले सरावात नव्हती, घड्याळ उशिरा सुरू केले, किंवा मुले जिन्यावर धावली. पहिल्या दोहोंत फक्त अहवाल खोटा पडतो. तिसरीत मुलांच्या जिवाला धोका आहे.

धावण्याचे कौतुक करणे हा या सरावांतला सर्वांत वाईट दोष आहे, असे आमचे मत आहे. नरसाळ्यात हळूहळू ज्वारी ओतली तर ती सुरळीत खाली जाते. एकदम ओतून वरून दाबली की दाणे एकमेकांना अडवून कमान धरतात आणि धार थांबते. माणसांचे अरुंद दाराशी तेच होते. मागून रेटा वाढला की प्रवाह वाढत नाही, कमी होतो. शिवाय दाणे पडत नाहीत, माणसे पडतात. मुंबईत एल्फिन्स्टन रोड स्थानकाच्या पुलावर २९ सप्टेंबर २०१७ रोजी चेंगराचेंगरीत वीसहून अधिक माणसे गेली. तेथे आग नव्हती, भूकंप नव्हता. पाऊस होता, गर्दी होती आणि जिना होता. ज्या सरावात ‘सर्वांत आधी मैदानात पोचलेल्या वर्गाला’ बक्षीस दिले जाते, तो सराव मुलांना नेमके काय शिकवतो, याचा विचार बक्षीस देणाऱ्यांनी करावा.

मराठीत ‘प्रयोग’ या शब्दाला दोन अर्थ आहेत. नाटकाचा प्रयोग होतो आणि प्रयोगशाळेतही प्रयोग होतो. नाटकाचा प्रयोग ठरल्याप्रमाणे पार पडावा अशी अपेक्षा असते. प्रयोगशाळेतल्या प्रयोगाचे तसे नाही. तेथे आपण एक विधान करतो आणि ते चुकीचे ठरण्याची पुरेपूर संधी त्याला देतो. जो प्रयोग फसूच शकत नाही, त्यातून काही कळतही नाही. आपत्तीचा सराव हा या दुसऱ्या अर्थाने प्रयोग असायला हवा. ‘वीज गेलेली असतानाही तिसऱ्या मजल्यावरच्या शेवटच्या वर्गाला एका मिनिटात सूचना पोचते’ हे विधान झाले. ते खरे-खोटे करता येते. ‘विद्यार्थ्यांमध्ये जागृती निर्माण करणे’ हे विधान नव्हे. ते कधीच खोटे ठरत नाही, म्हणून अहवाल लिहिणाऱ्यांना आवडते.

आता सरावाच्या आशयाकडे वळू. एकच घंटा आणि एकच कृती, बाहेर पळणे, हा आपल्याकडचा सर्व आपत्तींवरचा उतारा झाला आहे. आगीत तो बरोबर आहे. भूकंपात हादरे चालू असताना तो चुकीचा आहे, कारण मजबूत इमारतीत त्या काही सेकंदांत इजा होते ती बहुधा पडणाऱ्या वस्तूंनी, तुटलेल्या कठड्यांनी आणि जिन्यावरच्या पडापडीने. तेव्हा बाकाखाली जाऊन बाकाचा पाय घट्ट धरायचा आणि हादरे थांबल्यावर बाहेर पडायचे. शिवाय भूकंपाच्या आधी घंटा वाजवणार कोण? मुलांनी घंटेची वाट न पाहता, जमीन हलली हीच खूण मानून हालचाल करायची असते. घंटेच्या ठोक्यावर केलेला भूकंपाचा सराव मुलांना नेमकी घंटेची वाट पाहायला शिकवतो.

वायुगळतीत तर बाहेर पळणे घातक ठरू शकते. भोपाळला २-३ डिसेंबर १९८४ च्या रात्री युनियन कार्बाइडच्या कारखान्यातून सुमारे ४० टन विषारी वायू सुटला तेव्हा लोक झोपेतून उठून वाट फुटेल तिकडे पळाले. वाऱ्याच्या दिशेनेच पळालेल्यांबरोबर वायूही चालला होता आणि पळताना श्वासही अधिक घेतला जात होता. ओले फडके नाकातोंडावर धरा, वाऱ्याला आडवे चला, एवढे दोन शब्द वस्तीला कोणी आधी सांगितले नव्हते. त्यानंतर १९८९ साली घातक रसायनांविषयीचे नियम झाले. कारखान्याबाहेरच्या आपत्ती-योजनेची तालीम वर्षातून निदान एकदा झालीच पाहिजे, असे त्यांत म्हटले आहे. तालमी होतातही. पण त्या बहुधा कारखाना, अग्निशामक दल आणि जिल्हा प्रशासन यांच्यात होतात. कुंपणापलीकडच्या शाळेला भोंगा ऐकू येतो आणि ‘आज त्यांची तालीम दिसते’ असे म्हणून तास पुढे चालू राहतो. डोंबिवलीत मे २०१६ मध्ये आणि पुन्हा मे २०२४ मध्ये रासायनिक कारखान्यांत स्फोट झाले, तेव्हा दूरदूरच्या घरांच्या काचा फुटल्या. मोठा आवाज किंवा लखलखाट झाल्यावर माणूस कुतूहलाने खिडकीशी जातो, हे नैसर्गिक आहे. म्हणूनच त्याचा सराव लागतो. रशियातल्या चेल्याबिन्स्क शहरावर १५ फेब्रुवारी २०१३ रोजी उल्का फुटली. प्रकाश आधी दिसला आणि धक्का पोचायला दोन मिनिटांहून अधिक वेळ लागला. मधल्या वेळात लोक खिडक्यांशी जमले आणि जखमी झालेल्या सुमारे दीड हजारांतले बहुसंख्य काचांनी कापले गेले. एका शाळेत चौथीच्या शिक्षिकेने आपल्या ४४ मुलांना ताबडतोब बाकांखाली जायला लावले. त्या मुलांना इजा झाली नाही, शिक्षिकेला झाली. हे काय आहे याची कल्पना त्यांना नव्हती, पण लखलखाट दिसला की खिडकीपासून दूर व्हावे ही सवय होती. प्रकाश आणि ध्वनी यांच्या वेगांतला फरक आपण आठवीनववीत विजांच्या उदाहरणाने शिकवतोच. त्याच तासाला खिडकीची गोष्ट सांगायला दोन मिनिटेही लागत नाहीत.

सरावाची आखणी चुकली तर काय होते आणि जमली तर काय होते, हे एकाच गावात, एकाच दुपारी दिसल्याचे उदाहरण जपानात आहे. ते थोडे विस्ताराने सांगण्यासारखे आहे.

ईशान्य जपानच्या किनाऱ्यावर कामाइशी नावाचे शहर आहे आणि त्यात उनोसुमाई नावाचा भाग. ११ मार्च २०११ रोजी दुपारी २ वाजून ४६ मिनिटांनी ९ महत्तेचा भूकंप झाला. उनोसुमाईत माध्यमिक आणि प्राथमिक अशा दोन शाळा शेजारी शेजारी होत्या. वीज गेल्याने ध्वनिक्षेपक बंद पडला. माध्यमिक शाळेतली मुले सूचनेची वाट न पाहता धावत सुटली. प्राथमिक शाळेतल्या मुलांना वरच्या मजल्यावर नेले होते. मोठी मुले पळताना दिसल्यावर तीही खाली उतरून त्यांच्यामागे निघाली. सर्वजण ठरलेल्या जागी पोचले. तेथे मागचा कडा ढासळताना दिसला. ठरलेली जागा पुरेशी नाही असे ठरवून मुले आणखी वर गेली, मोठ्या मुलांनी लहानांचे हात धरले, आणि मग आणखी वर. दोन्ही शाळा पाण्याखाली गेल्या, मुलांची पहिली ‘ठरलेली जागा’ही गेली. कामाइशीतल्या जवळजवळ तीन हजार शाळकरी मुलांपैकी त्या दिवशी पाच दगावली आणि ती पाचही त्या वेळी शाळेच्या देखरेखीखाली नव्हती.

यामागे काही वर्षांचे काम होते. गुन्मा विद्यापीठाचे प्राध्यापक तोशिताका कातादा तेथल्या शिक्षकांबरोबर राबत होते. त्यांनी मुलांना तीन गोष्टी सांगितल्या होत्या : आधी बांधलेल्या अंदाजांवर विसंबू नका, त्या क्षणी जास्तीत जास्त जे करता येईल ते करा, आणि पळणाऱ्यांत पहिले व्हा म्हणजे इतर तुमच्यामागे येतील. पहिली गोष्ट विशेष ध्यानात घ्यावी. सरकारी धोका-नकाशात या शाळा पाण्याच्या रेषेबाहेर दाखवल्या होत्या. नकाशा दाखवून त्याच नकाशावर शंका घ्यायला शिकवणारा शिक्षक विरळा.

आता त्याच उनोसुमाईतली दुसरी गोष्ट. तेथे २०१० साली एक नवे आपत्ती-निवारण केंद्र उघडले होते. दुमजली, पण सखल भागात. त्सुनामी आली की आधी तेथे जायचे नव्हते. ठरलेल्या जागा उंचावर होत्या आणि हे केंद्र नंतर राहण्यासाठी होते. पण सराव असला की उंचावर चढणे वृद्धांना जड जाई, उपस्थिती कमी होई. तेव्हा सरावापुरते केंद्रातच जमावे, असे सोयीने ठरले. उपस्थिती वाढली. असा एक सराव भूकंपाच्या आठच दिवस आधी, ३ मार्चला झाला होता. ११ मार्चला लोक, पायांना सवय झाली होती तेथेच गेले. पाणी दुसऱ्या मजल्याच्या छताजवळ पोचले. त्या इमारतीत दीडशेहून अधिक माणसे मेली असावीत, असा नगरपालिकेच्या चौकशीतला अंदाज आहे.

सराव झाला नव्हता असे येथे म्हणता येत नाही. सराव झाला, उपस्थिती चांगली होती, अहवालही चांगला गेला असणार. त्या सरावाचे यश कशाने मोजले, तर डोकी मोजून. जे मोजतो ते वाढते, हा व्यवहारातला नियम आहे. उपस्थिती मोजली, उपस्थिती वाढली. त्याऐवजी ‘ऐंशी वर्षांची व्यक्ती उंचावरच्या जागी किती मिनिटांत पोचते’ हे मोजले असते, तर आकडा वाईट आला असता. त्या वाईट आकड्यातूनच कोणीतरी हातगाडीचा, जवळच्या वाटेचा, वाटेवरच्या कठड्याचा विचार केला असता.

तिसरे उदाहरण वाचताना शिक्षकांना त्रास होईल, पण ते टाळू नये. इशिनोमाकी शहरातली ओकावा प्राथमिक शाळा समुद्रापासून सुमारे चार किलोमीटर आत, नदीकाठी होती. भूकंपानंतर शिक्षकांनी मुलांना शिस्तीत मैदानात आणले, हजेरी घेतली. येथपर्यंत सर्व सरावाप्रमाणे. पुढे कोठे जायचे? शाळेच्या आपत्ती-पुस्तिकेत त्सुनामीच्या वेळी जवळच्या ‘मोकळ्या जागा, उद्याने’ येथे जावे, असे लिहिले होते. नाव कोणत्याच जागेचे नव्हते. शाळेमागेच टेकडी होती. चर्चेत जवळजवळ पन्नास मिनिटे गेली. निघाले तेव्हा पाणी आले. ७४ मुले आणि १० शिक्षक गेले. पालक न्यायालयात गेले. सेंडाईच्या उच्च न्यायालयाने २०१८ साली निकाल दिला तो केवळ त्या पन्नास मिनिटांविषयी नव्हता. जागेचे नाव आधी ठरवले नाही, पुस्तिका तपासली नाही, ही शाळेची आणि वरच्या शिक्षण मंडळाची आधीची कसूर आहे, असे न्यायालयाने म्हटले. २०१९ साली जपानच्या सर्वोच्च न्यायालयाने तो निकाल कायम केला. पुस्तिकेतले दोन मोघम शब्द किती महाग पडतात, हे आपापल्या शाळेची आपत्ती-योजना हातात घेऊन पाहावे. ‘सुरक्षित स्थळी हलवावे’ हे वाक्य त्यात आहे का? असल्यास ते खोडून स्थळाचे नाव, तेथवरची वाट आणि लागणारी मिनिटे लिहावीत. अमेरिकेतल्या लुइझियाना राज्याची गोष्ट याच जातीची आहे. तेथे जुलै २००४ मध्ये ‘पॅम’ नावाचे काल्पनिक वादळ धरून शेकडो अधिकाऱ्यांनी मोठा कागदी सराव केला. स्वतःची मोटार नसलेल्या लोकांना न्यू ऑर्लिन्समधून बाहेर कसे काढायचे, हा प्रश्न त्यात स्पष्ट पुढे आला आणि ‘नंतर ठरवू’ या सदरात राहिला. पुढच्या बैठका पैशांअभावी लांबल्या. २९ ऑगस्ट २००५ रोजी कॅटरिना वादळ आले आणि मागे राहिले ते तेच लोक.

सरावाकडून काय अपेक्षा ठेवू नये, तेही सांगितले पाहिजे. मेक्सिकोत १९८५ च्या भूकंपाच्या स्मरणार्थ दर १९ सप्टेंबरला देशव्यापी सराव होतो. २०१७ साली तो सकाळी अकराला झाला आणि दुपारी सव्वाच्या सुमारास खराच भूकंप आला. मेक्सिको शहरातली एक खासगी शाळा कोसळून १९ मुले गेली. त्या इमारतीवर बेकायदा मजला चढवलेला होता. सराव इमारतीचे खांब मजबूत करीत नाही. आपल्याकडे ३० सप्टेंबर १९९३ रोजी पहाटे ३ वाजून ५६ मिनिटांनी किल्लारीला हादरा बसला तेव्हा दगडमातीच्या जाड भिंती आणि वरची मातीची माळवदे झोपलेल्या माणसांवर आली. बाकाखाली जाण्याचा कितीही सराव असता तरी तेथे उपयोग नव्हता. कुंभकोणमच्या शाळेत १६ जुलै २००४ रोजी ९४ मुले जळून मेली तेथे गवताचे छप्पर आणि अरुंद जिना होता. म्हणून सराव पाहायला आलेल्या परीक्षकाने आधी मान वर करून छप्पर पाहावे, मग घड्याळ.

तरीही सराव टाकून देण्याजोगा नाही. ओडिशात १९९९ च्या महाचक्रीवादळात जवळजवळ दहा हजार माणसे गेली. २०१३ च्या फायलिन वादळात मृतांचा आकडा पन्नासच्या आत राहिला. मध्यंतरी निवारे बांधले गेले, हवामानाचे अंदाज सुधारले आणि गावोगाव सराव झाले. यांतल्या कोणाला किती श्रेय, हे वेगळे काढता येत नाही. पण अंदाज आणि निवारा यांच्यामध्ये जे अंतर असते, घराचे दार बंद करून म्हातारीला आणि गाईला घेऊन निघण्याचे, ते सरावाखेरीज कापले जात नाही.

मग सराव कसा आखावा? आमच्या मते सुरुवात लहान आणि कंटाळवाणी असावी. मुख्याध्यापकांच्या खोलीत टेबलाभोवती पाचसहा जण बसावे, शाळेचा हाताने काढलेला नकाशा पसरावा आणि एकाने प्रश्न टाकत जावे. खिचडीच्या खोलीत सिलिंडरने पेट घेतला आहे. वाजले आहेत पावणेदोन. मुले अंगणात जेवताहेत, वर्गात नाहीत. आता हजेरीपट कोणाकडे? मुख्याध्यापक तालुक्याला बैठकीला गेले आहेत. निर्णय कोण घेणार? मागच्या फाटकाची किल्ली कोणाजवळ असते? अशा तासाभरात जेवढ्या त्रुटी निघतात तेवढ्या मैदानातल्या दोन सरावांत निघत नाहीत. खर्च चहाचा. यातून दोनतीन शंका निवडाव्यात आणि मैदानातला सराव फक्त त्यांच्यासाठी करावा. एका सरावात सर्व काही तपासायला गेले की काहीच तपासले जात नाही.

सरावात अडचण घालावी. एका जिन्यावर शिपाईमामांना ‘येथे धूर आहे’ अशी पाटी घेऊन उभे करावे आणि हे कोणाला आधी सांगू नये. दोन जिने असलेल्या शाळेतही मुले रोजच्या जिन्याकडेच वळतात, हे पाहून पुष्कळांना आश्चर्य वाटेल. घंटेऐवजी तोंडी निरोप पाठवून पाहावा. दोन मुलांना, त्यांच्या संमतीने, स्वच्छतागृहात थांबवावे आणि हजेरीत ती किती वेळाने सापडतात ते पाहावे. हा सराव आहे हे मात्र मुलांना माहीत असलेच पाहिजे. वेळ गुप्त ठेवता येते, स्वरूप नव्हे. घाबरलेले मूल शिकत नाही. सरावाचे शब्दही तोलून वापरावेत. हवाईत १३ जानेवारी २०१८ रोजी सकाळी एका अंतर्गत सरावाच्या संदेशात ‘हा सराव आहे’ आणि ‘हा सराव नव्हे’ ही दोन्ही वाक्ये एकत्र आली. ऐकणाऱ्या कर्मचाऱ्याने दुसरे खरे मानले आणि साऱ्या बेटांवर क्षेपणास्त्र येत असल्याची सूचना गेली. चूक दुरुस्त होऊन खुलासा पोचायला ३८ मिनिटे लागली. आपल्याकडे ७ मे २०२५ च्या देशव्यापी नागरी संरक्षण सरावात पुष्कळांनी आयुष्यात प्रथमच भोंगा ऐकला. वरखाली होणारा आवाज धोक्याचा आणि सलग आवाज धोका टळल्याचा, हे त्यांतल्या किती जणांना सांगता आले असते? दुसऱ्या दिवशी एखाद्या वर्गात हात वर करायला सांगून हे मोजता आले असते. तेही मूल्यमापनच झाले असते.

मूल्यमापन करणाऱ्याने सरावात भाग घेऊ नये, हे साधे पथ्य फार क्वचित पाळले जाते. शेजारच्या शाळेतल्या दोन शिक्षकांना बोलवावे, त्यांच्या हाती घड्याळ आणि कोरा कागद द्यावा. एकाने जिन्याच्या तोंडाशी उभे राहावे, दुसऱ्याने मैदानात. त्यांनी ‘चांगले’, ‘समाधानकारक’ असे शेरे लिहू नयेत. वेळ आणि घटना लिहावी : ११.०४, पाचवी ब जिन्यावर आली, ११.०६, सातवी अ आणि पाचवी ब समोरासमोर, दोन्ही थांबल्या. संपल्याबरोबर, मुले वर्गात जाण्यापूर्वी, त्यांनाही विचारावे. कोणाला घंटा ऐकूच आली नाही, कोठे धक्का लागला, हे मुले बिनदिक्कत सांगतात. मोठी माणसे वरिष्ठांसमोर सांगत नाहीत. म्हणूनच त्रुटी सांगणाऱ्यावर ठपका येणार नाही, हे मुख्याध्यापकांनी आधीच जाहीर केलेले बरे. ज्या शाळेच्या अहवालात सहा त्रुटी आहेत तिला वरून कानपिचक्या मिळतात आणि जिच्या अहवालात एकही नाही तिला शाबासकी, अशी पद्धत राहिली तर अहवाल गोडच येत राहतील. हा दोष शिक्षकांचा नाही, मागणाऱ्यांचा आहे.

आमच्या दृष्टीने अहवालातली सर्वांत महत्त्वाची ओळ गैरहजेरीची असते. आपण पाहिलेल्या सरावात चाकाच्या खुर्चीवरचे मूल कोठे होते, हे आठवून पाहावे. पुष्कळदा त्याला त्या दिवशी ‘त्रास नको’ म्हणून घरी ठेवलेले असते, किंवा वर्गातच बसवलेले असते. ऐकू न येणाऱ्या मुलाला शेजाऱ्याने हात धरून नेलेले असते आणि तो शेजारी कायम त्याच बाकावर असेल असे सर्वांनी गृहीत धरलेले असते. २०१६ साली राष्ट्रीय आपत्ती व्यवस्थापन प्राधिकरणाने काढलेल्या शाळा-सुरक्षेच्या मार्गदर्शक तत्त्वांत अशा मुलांचा विचार आहे. पण कागदावरचा विचार जिना उतरत नाही. दोन मोठ्या माणसांनी खुर्चीसकट मूल एका मजल्यावरून खाली आणायला किती वेळ लागतो, तेवढ्यात जिन्यावरचा प्रवाह किती अडतो, की त्या मुलाचा वर्गच तळमजल्यावर आणणे सोपे, हे एकदा प्रत्यक्ष करून पाहिल्याशिवाय कळणार नाही.

गावाच्या सरावालाही हेच लागू आहे, एक भर घालून. गावातल्या सरावात बहुधा बचावपथक येते, होडी उतरते, दोर बांधले जातात आणि लोक कडेला उभे राहून पाहतात. ३० जुलै २०१४ रोजी सकाळी पुणे जिल्ह्यातल्या माळीण गावावर डोंगर आला, दीडशेहून अधिक माणसे गेली. बाहेरच्या जगाला ते कळले ते तेथून जाणाऱ्या एस.टी.च्या चालकाला नेहमीच्या जागी गाव दिसले नाही तेव्हा. १९ जुलै २०२३ रोजी रायगडमधल्या इरशाळवाडीवर दरड आली ती रात्री अकराच्या आसपास, पावसात, आणि वर जायला फक्त पायवाट. अशा वाडीसाठी सराव आखायचा तर पथक किती वेळात आले याहून आधीचे प्रश्न विचारावे लागतात. डोंगरात भेग दिसली तर ती पाहणाऱ्या गुराख्याने कोणाला सांगायचे? त्याने ज्याला सांगितले त्याच्या फोनला तेथे रेंज असते का? रात्री निघायचे ठरले तर कोणत्या घराच्या पडवीत, आणि त्या घरात किती माणसे मावतात? वाडीवरच्या शाळेतले शिक्षक हे प्रश्न पावसाळ्यापूर्वी चौथीच्या मुलांकडून घरोघर विचारून घेऊ शकतात. भूगोलाच्या तासाला वाडीचा नकाशा काढायचाच असतो. त्यावर घरे, पायवाटा, ओढा आणि प्रत्येक घरातली चालू न शकणारी माणसे दाखवावीत. मग मे महिन्यात एका संध्याकाळी, दिवे न लावता, ओढ्याच्या अलीकडच्या शेवटच्या घरातून पडवीपर्यंत चालत जाऊन मिनिटे मोजावीत. जूनमध्ये पहिला मोठा पाऊस झाल्यावर ती पुन्हा मोजावीत आणि दोन्ही आकडे नकाशावरच, घरांच्या शेजारी, लिहून ठेवावेत.